वेब डिझाइनचा डिस्टन्स कोर्स, असाइनमेंट परत आलीये, पुढच्या बॅचला जाऊ का?

पंचवटीची_ताई

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबतीये, सांभाळून घ्या. मी मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर हिशोब बघते, शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढायच्या, हमाली तोलाई वजा करायची, कॅश जुळवायची वगैरे. वेब डिझाइनचा डिप्लोमा घेतलाय, घरबसल्या, व्हिडिओ ऑनलाइन आणि पुस्तकं पोस्टाने. (मुक्त विद्यापीठाचा नाहीये, बाहेरच्या एका संस्थेचा आहे, नाव राहू द्या.) व्हिडिओ बघताना सगळं कळतं हो, आणि असाइनमेंट उघडली की डोकं बंद पडतं.

एकूण सहा असाइनमेंट. पहिली पास. दुसरी होती एखाद्या स्थानिक व्यवसायाची पाच पानांची वेबसाइट, मोबाइलवर नीट दिसायला हवी. मी आमच्या गाळ्याचीच केली, मालकांना विचारून. माझ्या इथे एकदम छान दिसत होती आणि ती परत आली, शेरा असा: फोटो दिसत नाहीत, मराठी मजकूर वाचता येत नाही, मोबाइलवर रिस्पॉन्सिव्ह नाही, टेबल वापरू नये, पुन्हा सादर करा. बस. कसं करायचं ते कुठेच नाही, मेल केला तर अमुक नंबरचा व्हिडिओ परत बघा असं उत्तर आलं, तो व्हिडिओ बघूनच तर केली होती ना मी.

आता टेबल वापरू नये म्हणे, पण एक पान बाजारभावाचं आहे, माल, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण, हे टेबलाशिवाय कसं दाखवणार?

लॅपटॉप दिराचा आहे, तो रात्री मोकळा होतो तेव्हाच मिळतो. महिनाअखेर दुसरी परत द्यायचीये आणि तिसरीची पण तीच तारीख. घरचे म्हणतात झेपत नसेल तर पुढच्या बॅचला जा, फी थोडीच वाया जाणारे. तुम्ही काय म्हणता?

सातपूर_ते_स्क्रीन

ताई बॅच बिच बदलू नका. शेरे नीट वाचा, डिझाइनला कोणी नावंच ठेवलेली नाहीत, चारही तक्रारी तांत्रिक आहेत आणि एका रात्रीत निघतील अशा आहेत.

फोटो. तुमच्या इमेज टॅगमध्ये (फोटो दाखवणारी कोडची ओळ) सी ड्राइव्हपासून सुरू होणारा लांबलचक पत्ता पडला असणार. तो पत्ता दिराच्या लॅपटॉपलाच माहीत, तपासणाऱ्याच्या मशीनवर तसा फोल्डरच नाही. एक फोल्डर करा, पाचही पानं त्यात, त्याच्या आत इमेजेस नावाचा फोल्डर, सगळे फोटो तिथे, आणि टॅगमध्ये फक्त इमेजेस, पुढे फॉरवर्ड स्लॅश, पुढे फाइलचं नाव. विंडोजची उलटी स्लॅश नको. आणि नावातलं कॅपिटल स्मॉल सांभाळा. विंडोजला दोन्ही सारखंच वाटतं, लिनक्स सर्व्हरवर मात्र त्या दोन वेगळ्या फाइली, आणि वेबवरचे बहुतेक सर्व्हर लिनक्सच. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फोटोचं एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये येतं, आपण टॅगमध्ये स्मॉल लिहितो, घरी दिसतं आणि अपलोड केलं की गायब. सगळी नावं स्मॉलमध्ये, मधे स्पेस नाही, मराठी नावं नाहीत, आडवी रेघ चालते.

जाता जाता फोटोची साइज पण बघा, मोबाइलचा फोटो चार पाच एमबीचा असतो, असे दहा टाकले तर तपासणाऱ्याने तरी किती वेळ वाट बघायची. रुंदी १२०० पिक्सेल करा आणि जेपीजी क्वालिटी ७० च्या आसपास ठेवा, डोळ्याला फरक कळत नाही आणि फाइल दोनतीनशे केबीवर येते. स्क्वूश नावाची फुकट साइट आहे, ब्राउजरमध्येच होतं, काही इन्स्टॉल करायला नको.

मराठीचं नेमकं काय दिसतंय त्यावर आहे. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल एएनएसआय मध्ये (जुनी पद्धत, तीत मराठी अक्षरं बसत नाहीत) सेव्ह झालीये, जुन्या नोटपॅडला ती सवय होती, तो मजकूर गेला, परत टाइप करून यूटीएफ एट मध्ये, म्हणजे मराठी सांभाळणाऱ्या पद्धतीत, सेव्ह करा. टोप्या आणि टिंबं असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर फाइल बरोबर आहे, फक्त हेडमध्ये (कोडचा सुरुवातीचा भाग) सगळ्यात वर मेटा कॅरसेट यूटीएफ एटची ओळ नाहीये. आणि तिसरी शक्यता, तुम्ही मजकूर गाळ्याच्या फ्लेक्सवाल्याकडून किंवा डीटीपीवाल्याकडून घेतला असेल तर तो जुन्या नॉन युनिकोड फॉन्टमधला असतो. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, तो फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो, फॉन्ट नसलेल्या मशीनवर सगळा पालापाचोळा. मला हीच शक्यता जास्त वाटते, कारण तुमच्याकडे दिसत होतं म्हणालात.

मोबाइलचं तर एका ओळीचं काम आहे. हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, त्यात विड्थ बरोबर डिव्हाइस विड्थ आणि इनिशियल स्केल १. तो नसला की मोबाइलचा ब्राउजर धरून चालतो की पान डेस्कटॉपचं आहे, साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आकसून दाखवतो, म्हणून सगळं मुंगीएवढं. तुम्ही मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम) कितीही लिहा, हा टॅग नसेल तर त्या लागूच होत नाहीत. क्रोममध्ये एफ१२ दाबून कंट्रोल शिफ्ट एम, तिथे मोबाइलसारखं दिसतं, पण शेवटी खऱ्या फोनवर एकदा बघाच.

टेबलाचं कोणीतरी शिकवणारं सांगेल, मी सांगितलं तर भांडण होईल इथे.

अभ्यासकेंद्र_संध्याकाळ

ताई, मी दूरशिक्षणाच्या असाइनमेंट तपासतो, तुमच्या संस्थेच्या नाही, पण शेरा ओळखीचा आहे. "टेबल वापरू नये" याचा अर्थ पानाची मांडणी टेबलाने करू नये. नव्वदच्या दशकात सगळं जग तसंच करायचं, डावीकडे मेनू एका खान्यात, मजकूर दुसऱ्या खान्यात. पुढे मांडणीसाठी सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) फ्लोट आले, मग फ्लेक्सबॉक्स, आणि २०१७ पासून ग्रिड सगळ्या मोठ्या ब्राउजरांत चालतं, त्यामुळे आता मांडणीसाठी टेबल वापरलं की मार्क कापायची पद्धत आहे. पण बाजारभाव हा तक्ताच आहे. तिथे टेबलच पाहिजे, उलट डिव्हचे (कोडमधले साधे चौकोनी कप्पे) तुकडे जोडून खोटं टेबल केलंत तर मी मार्क कापीन. वर कॅप्शन द्या, कॉलमची नावं टीएच (शीर्षकाच्या खान्याचा टॅग) मध्ये घाला, मोबाइलवर पाच कॉलम मावत नाहीत म्हणून टेबलाभोवती एक डिव्ह आणि त्याला ओव्हरफ्लो एक्स ऑटो, म्हणजे फक्त तक्ता आडवा सरकेल, पूर्ण पान नाही. आणि मुख्य म्हणजे सोबतच्या टिपणात एक ओळ लिहा: मांडणी ग्रिडने केली आहे, टेबल फक्त भावांच्या माहितीसाठी आहे. तपासणारा पण माणूसच आहे, कोडमध्ये टेबल शब्द दिसला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

आता मूळ प्रश्नावर येतो. आपल्याकडे गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहे १९८९ पासून, नाशकात घरटी एकजण तरी नोकरी करत शिकलेला सापडेल, तरी लोकांना अजून वाटतं की दूरशिक्षण म्हणजे पुस्तक आलं आणि परीक्षा दिली. तसं नाहीये. वर्गात मास्तर तुमच्या खांद्यावरून वाकून बघतो, त्याला कळतं तुम्ही कुठे अडलात. इथे त्याला फक्त झिप फाइल दिसते. म्हणजे तुमच्या डोक्यात काय होतं ते तुम्हीच लिहून दिलं पाहिजे. प्रत्येक असाइनमेंटबरोबर एक पानाचं टिपण द्या, मागितलं नसलं तरी द्या. काय विचारलं होतं, ते कुठल्या पानावर आहे, काय जमलं नाही आणि त्यासाठी काय करून बघितलं. ज्यांच्याबरोबर असं टिपण येतं त्यांना मी पण चार ओळींचा शेरा लिहितो, ज्यांची नुसती झिप येते त्यांना एक ओळ. तुम्हाला एका ओळीचा शेरा का आला असेल ते बघा.

दुसरं, प्रश्नपत्रिका प्रिंट काढून समोर ठेवा आणि त्यातली क्रियापदं अधोरेखित करा. जोडा, दाखवा, तपासा, समजावून सांगा. विद्यार्थी स्लायडर फिरवण्यात चार रात्री घालवतात, स्लायडर प्रश्नात नसतोच. समजावून सांगा ला मार्क असतात तिथे कोरं.

आणि कामाचा क्रम उलटा करा. पहिल्या रात्री पाचही पानं नुसत्या एचटीएमएलमध्ये, रंग नाही काही नाही, पांढऱ्यावर काळं, पण सगळ्या लिंक चालल्या पाहिजेत. त्याच रात्री ती झिप करून ठेवा. ही झिप कुरूप असली तरी सादर करण्यासारखी आहे. मग रोज थोडं सीएसएस चढवा आणि रोज झिप बदला. तारखेच्या दिवशी लाइट गेली, दिराला लॅपटॉप लागला, काहीही झालं तरी तुमच्या हातात आदल्या दिवशीची चालणारी साइट असेल.

तिसरीला नवीन विषय शोधू नका. गाळाच चालवा शेवटपर्यंत.

कॉलेजरोडवाला

एवढं सगळं करण्यापेक्षा करून घ्या ना बाहेरून. इकडे पोरं आहेत, पैसे घेतात आणि दोन दिवसात सहाच्या सहा असाइनमेंट देतात. सर्टिफिकेटशी मतलब. यार्डात काम करून रात्री कोडिंग कोण करतं राव.

सातपूर_ते_स्क्रीन

भाऊ आमच्याकडे इंटरव्ह्यूला येतात ना तशी पोरं, सर्टिफिकेट लॅमिनेट करून. मी काहीच विचारत नाही, त्यांचीच साइट उघडतो आणि म्हणतो हे बटण उजवीकडे घे. पाच मिनिटात कळतं. आणि तोंडी परीक्षा असते हो बऱ्याच कोर्सला, तिथे कोण बसणार, कॉलेज रोडचं पोरगं?

कॉलेजरोडवाला

सगळ्यांनाच नोकरी करायची नसते पण.

पंचवटीची_ताई

दादा मला नोकरीच करायचीये, म्हणून तर चाललंय 🙂 पैसे देऊन करून घ्यायचं असतं तर इथे एवढी मोठी पोस्ट लिहिली नसती.

दिंडोरी_द्राक्षबाग

मी पण असाच कोर्स करतोय, ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला तर पुस्तक उघडायला पण वेळ नव्हता, तेव्हा ताईंची अडचण कळते. माझा अनुभव चॅटबॉटचा सांगतो कारण तो कोणीतरी सुचवणारच. त्याला पूर्ण असाइनमेंट करायला सांगू नका, तो पाच मिनिटात करून देतो पण असलं काही देतो की आपल्या पुस्तकात ते नसतंच, कुठली तरी फ्रेमवर्क (तयार कोडचा संच), शंभर क्लासेस, आणि तपासणाऱ्याला लगेच वास येतो, आमच्या ग्रुपमधल्या दोघांना बोलावून विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. मी उलटं करतो. माझा स्वतःचा कोड टाकतो आणि विचारतो की हे का चालत नाही ते सांग पण दुरुस्त करून देऊ नको. त्याने जे सांगितलं ते मी हाताने टाइप करतो. वेळ जास्त लागतो, पण पुढच्या वेळी तीच गोष्ट अडत नाही.

त्याच्या पण आधी डब्ल्यूथ्रीसीचा (वेबचे नियम ठरवणारी संस्था) व्हॅलिडेटर, फुकट आहे, फाइल अपलोड करायची, ओळ नंबरसकट सांगतो की इथे टॅग बंद केलेला नाही. माझ्या निम्म्या भानगडी बंद न केलेल्या डिव्हच्याच निघतात.

आणि वेळेचं म्हणाल तर लॅपटॉप नसताना पण निम्मं काम होतं. पाच पानांचा मजकूर मोबाइलवर नोट्समध्ये लिहून ठेवायचा, पानांची मांडणी वहीत काढायची, कुठे मेनू, कुठे फोटो. लॅपटॉप हातात आला की फक्त टाइप करायचं. लोक लॅपटॉपसमोर बसून विचार करतात काय लिहू, तिथे रात्र जाते.

पंचवटीची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. अपडेट देते. मजकूर फ्लेक्सवाल्याचाच होता, दादांचा अंदाज बरोबर निघाला, परत टाइप केला मोबाइलवर बसूनच. फोटो आले. व्ह्यूपोर्ट टाकला तर मोबाइलवर एकदम वेगळंच दिसायला लागलं, म्हणजे बिघडलं आधी, मेनू फोटोवर चढला, पण निदान खरं काय आहे ते दिसलं, मग फ्लेक्सबॉक्सने सरळ केला. साध्या एचटीएमएलवाली झिप कालच करून ठेवली सर, आज झोप लागेल.

एक बारीक गोष्ट, मी शीर्षक मोठं दिसावं म्हणून अक्षरांत अंतर वाढवलं तर वरची रेघ तुटून तुकडे झाले, इंग्रजीला तसं होत नाही. का?

आणि तिसरी असाइनमेंट फॉर्मची आहे. शेतकऱ्याने नाव, मोबाइल, माल आणि किती जाळ्या (क्रेट) ते भरायचं आणि सबमिट केलं की चूक असेल तर मेसेज यायला पाहिजे. भरलेलं कुठे जाणार पण? मी सबमिट दाबते तर पान नुसतं रिफ्रेश होतं.

सातपूर_ते_स्क्रीन

लेटर स्पेसिंग देवनागरीला द्यायचंच नाही. ब्राउजर अक्षरं दूर करतो पण शिरोरेषा ताणत नाही. मोठं दाखवायचं तर फॉन्टचं वजन वाढवा, मुक्ता घ्या किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आणि दोन्हीत बोल्ड नीट आहे. लाइन हाइट १.६ च्या आसपास ठेवा, इंग्रजीच्या मापाने ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. परदेशी ट्युटोरियलमध्ये हे कोणी सांगत नाही कारण त्यांना वेलांट्याच नाहीत. आणि एचटीएमएल टॅगला लँग एमआर लिहा, स्क्रीन रीडरला (मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कळतं मराठी आहे ते, तपासणाऱ्याला पण बरं वाटतं.

फॉर्मचं, नुसत्या एचटीएमएलचा फॉर्म कुठेच काही साठवत नाही, त्याला पलीकडे सर्व्हरवर घेणारं काहीतरी लागतं. तुमच्या असाइनमेंटमध्ये सर्व्हर आहे का बघा, बहुधा नसेल, फक्त तपासणी मागितली असेल. म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये सबमिट इव्हेंटला प्रिव्हेंट डिफॉल्ट, म्हणजे रिफ्रेश थांबेल, मग एकेक खाना तपासा आणि त्या खान्याच्याच खाली मेसेज दाखवा. अलर्टचा डबा नको, चार चुका असल्या की चार डबे उडतात, शेतकरी फोन फेकून देईल.

मोबाइल नंबरचा पॅटर्न लिहिताना पहिला आकडा ६ ते ९ आणि पुढे नऊ आकडे. प्रत्येक खान्याला लेबल द्या, प्लेसहोल्डरवर (खान्यातला फिकट नमुना मजकूर) भागवू नका, टाइप करायला लागलं की तो दिसेनासा होतो आणि माणूस विसरतो काय भरत होता.

दिंडोरी_द्राक्षबाग

एक राहिलं. आमच्याकडे कितीतरी जणांच्या फोनला मराठी कीबोर्ड असतो, ते नंबर पण देवनागरीत टाकतात. शून्य ते नऊचा पॅटर्न त्याला चूक म्हणतो, माणूस नंबर बरोबर टाकतोय आणि फॉर्म म्हणतो चुकीचा. तपासायच्या आधी मराठी आकड्यांचे इंग्रजी करून घ्यायचे, छोटं फंक्शन आहे, दहा अक्षरं बदलायची.

अभ्यासकेंद्र_संध्याकाळ

हे टिपणात लिहा ताई. कुठल्याही पुस्तकात नसलेली गोष्ट आहे आणि तुमच्या वापरणाऱ्याचा विचार केलाय हे त्यातून दिसतं, असल्या एका ओळीला मी दोन मार्क जास्त देतो. तारीख पुढे ढकलून हवी असेल तर मेल आत्ताच करा, तारखेच्या आधी आलेल्या मेलला बहुतेक जण हो म्हणतात, नंतर आलेल्याला नियम दाखवतात.

पंचवटीची_ताई

मेल केला. दुसरी आज रात्री अपलोड करते. मालकांनी पण बघितली साइट, म्हणाले खरीखुरी टाक की नेटवर, गिटहब पेजेस म्हणून सेवा आहे, तिथे फुकट होतं असं व्हिडिओत होतं. टाकू का? भावाच्या पानावर मी नुसते नमुन्याचे आकडे टाकलेत.

सातपूर_ते_स्क्रीन

टाका, पण नमुन्याचे आकडे काढून. आणि खरे टाकले तरी तक्त्याच्या डोक्यावर तारीख मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कोणीतरी मागच्या आठवड्यातला टोमॅटोचा भाव बघून गाडी भरून येईल आणि तुमच्याच गाळ्यावर भांडत बसेल.